धाब्याच्या घराला उतरतं छप्पर नसतं: भाच्याच्या व्यक्तिमत्त्व चाचणीचा आमचा अनुभव

मी कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. माहेर चोपडा तालुक्यातलं, तिथे भावाची केळीची बाग. गेल्या दिवाळीपासून या उन्हाळ्यापर्यंत आम्ही भाच्याची व्यक्तिमत्त्व चाचणी दोन ठिकाणी करून घेतली, आधी एका मोठ्या शहरात आणि मग जळगावला. दोन्हीकडे पैसे भरले, दोन्ही अहवाल घरात आहेत. सांगायचंय ते जळगावच्या सेवेबद्दल, पण पहिल्या ठिकाणी काय झालं ते आधी सांगितल्याशिवाय दुसऱ्याची किंमत कळणार नाही. दोन्हींची नावं मुद्दाम देत नाही. मुलगा बारा वर्षांचा आहे, आमच्याकडे कोण कुठे जाऊन आलं हे दोन दिवसांत पंचक्रोशीला कळतं, आणि त्याला याच गावात वावरायचंय.

झालं असं की जूनमध्ये त्याला बाहेरच्या जिल्ह्यात इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळेत टाकलं. दिवाळीला घरी आला तो गप्पच. आधी दिवसभर धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, बागेत, नाहीतर आजीच्या मागे मागे असणारं पोरगं भिंतीकडे तोंड करून पडून राहायला लागलं. ताटातलं अर्धं तसंच. शाळेनं कळवलं, वर्गात बोलत नाही, मानसशास्त्रीय तपासणी करून अहवाल आणा. भावानं कुणाकडून तरी पत्ता मिळवला आणि मला न विचारताच घेऊन गेला. माझी परीक्षेची कामं चालू होती.

तिथे एकूण पन्नास मिनिटं लागली. साडेपाच हजार रुपये. मुलाला घर, झाड आणि माणूस काढायला सांगितलं, टॅबवर चार-पाच शाईचे डाग दाखवले, आणि तीन दिवसांनी सहा पानांचा छापील अहवाल फोनवर आला.

तो मी वाचला तेव्हा भाऊ ओट्यावर बसला होता. रात्रीची वेळ, वीज गेलेली, मोबाइलच्या उजेडात त्यानं मला एक ओळ बोटानं दाखवली. ‘माणसाच्या चित्रात वडिलांचा चेहरा काढणे टाळले आहे, यावरून वडिलांविषयी तीव्र भीती व दडपलेला राग सूचित होतो.’ भाऊ म्हणाला, “ताई, मी आजपर्यंत त्याच्या अंगाला हात लावला नाही गं. तुला तर माहितीय.” मला माहीत होतं. त्यानंतर आठ-दहा दिवस तो मुलाशी बोलायचाच नाही, आपलं काहीतरी चुकतंय म्हणून लांब लांब राहायचा. मुलाला वाटलं, बाप आपल्यावर रागावला. म्हणजे घरात जे नव्हतं ते अहवालानं आणून ठेवलं.

मूळ चित्रं मी मागवून घेतली. ती पाहिल्यावर मला जे वाटलं ते अजून निवलेलं नाही.

अहवालात लिहिलं होतं, ‘घराला छप्पर नाही, कल्पनाशक्तीचा अभाव, असुरक्षितता.’ पोरानं धाब्याचं घर काढलं होतं. आमचं घर धाब्याचं आहे, वर लाकूड आणि त्यावर माती, सपाट. त्याच्या आजीचं, मामाचं, निम्म्या गावाचं घर तसंच. कौलारू त्रिकोण त्यानं पुस्तकात पाहिला असेल, पण ‘घर काढ’ म्हटल्यावर त्यानं स्वतःचं घर काढलं. पुढे होतं, ‘छतावर निरर्थक वर्तुळांची पुनरावृत्ती, चिंतेचे लक्षण.’ मी भाच्याला विचारलं, हे गोल गोल काय रे? म्हणाला, “फुई, आजी बिबडे वाळत घाली राहिनी.” उन्हाळ्यात ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापडासारखे गोल, धाब्यावर पसरलेले ज्यानं पाहिलेत, त्याला ते चित्र एका नजरेत कळेल. बत्तीस गोल मोजले मी, चार ओळींत, आजी घालते तसे.

झाडाबद्दल लिहिलं होतं, ‘खोड मध्येच तोडलेले, भूतकाळातील आघात.’ ती केळ होती. घड उतरवला की खोड कापतात आणि शेजारी उगवलेल्या पिलावर पुढचं पीक येतं. चित्रात कापलेल्या खोडाशेजारी ते पिलू होतं, दोन पानं फुटलेलं. अहवालात त्याचा उल्लेखच नव्हता. आणि ज्या माणसाला चेहरा नव्हता, त्या माणसाच्या खांद्यावर केळीचा घड होता. कापणीच्या दिवशी बागेतून घड बाहेर आणणाऱ्या माणसाचा चेहरा दिसत नाही, घडच दिसतो. त्यानं बाप काढला होता, काम करताना दिसतो तसा.

इथे मला माझ्या विषयाबद्दल बोलावं लागेल, कारण वर्षानुवर्षं हे मी वर्गात शिकवलंय.

प्रक्षेपण चाचण्या म्हणजे ज्यात उत्तर ठरलेलं नसतं अशा चाचण्या. अस्पष्ट डाग, संदिग्ध चित्र, अर्धं वाक्य समोर ठेवायचं आणि माणूस त्यात स्वतःचं काय ओततो ते पाहायचं. ‘प्रक्षेपण पद्धती’ हा शब्द लॉरेन्स फ्रँक यांनी १९३९ मध्ये रूढ केला, पण त्याआधीच १९२१ मध्ये हर्मन रोर्शाक या स्विस मनोविकारतज्ज्ञानं शाईच्या डागांची दहा कार्डं छापली होती. पाच काळ्या-करड्या, दोन काळ्या-लाल, तीन रंगीत. पुढच्याच वर्षी, वयाच्या सदतिसाव्या वर्षी तो वारला, त्यामुळे पुढे त्याच्या नावानं जे काही झालं ते त्याला पाहायलाच मिळालं नाही. हेन्री मरे आणि ख्रिस्तियाना मॉर्गन यांनी हार्वर्डमध्ये चित्रांवरून गोष्ट सांगण्याची चाचणी तयार केली, तीच टीएटी. तिचा संच १९४३ मध्ये आला, एकतीस कार्डांचा, त्यातलं एक पूर्ण कोरं. घर-झाड-माणूस ही चाचणी जॉन बक यांची, १९४८ ची. आणि माणसाच्या चित्रावरून स्वभाव सांगणारं कॅरन मॅकोव्हर यांचं पुस्तक १९४९ चं. मोठे डोळे म्हणजे संशयी, हात नाहीत म्हणजे अपराधी भावना, हे सगळं त्या परंपरेतून आलं.

या खुणांची यादी मी फळ्यावर लिहिली आहे. मुलींनी वह्यांत उतरवली आहे, परीक्षेत लिहून गुण मिळवले आहेत. त्याखाली जे लिहायला हवं होतं ते मी पुरेसं लिहिलं नाही, आणि भाच्याचा अहवाल हातात आल्यावर त्याचं मला फार वाईट वाटलं.

काय लिहायला हवं होतं? १९६७ साली लोरेन आणि जीन चॅपमन या दांपत्यानं एक प्रयोग प्रसिद्ध केला. महाविद्यालयीन मुलांना माणसांची चित्रं दाखवली आणि प्रत्येक चित्राखाली ते काढणाऱ्या रुग्णाचं लक्षण लिहिलं, ‘हा इतरांवर संशय घेतो’ वगैरे. कोणतं लक्षण कोणत्या चित्राखाली हे वाटेल तसं लावलेलं होतं, दोन्हींत काही संबंध नव्हताच. तरीही मुलांनी सांगितलं, संशयी माणसांनी डोळे वेगळे काढलेत. अनुभवी तज्ज्ञ जे संबंध ‘रुग्णांमध्ये पाहिले’ म्हणून सांगत होते, तेच संबंध या शिकाऊ मुलांना जिथे काहीच नव्हतं तिथे दिसले. याला आभासी सहसंबंध म्हणतात. डोळे आणि संशय आपल्या बोलण्यातच जोडलेले आहेत, म्हणून ते चित्रातही जोडलेले दिसतात. छप्पर आणि आसरा यांचंही तेच. ‘डोक्यावर छप्पर नाही’ असं आपण म्हणतो, म्हणून छप्पर नसलेलं चित्र पाहिलं की निराधारपणा आठवतो. त्यात धाब्यावर उन्हाळ्यात गाद्या टाकून झोपणाऱ्या पोराचा काय दोष?

स्कॉट लिलिएनफेल्ड, जेम्स वुड आणि हॉवर्ड गार्ब यांनी २००० साली रोर्शाक, टीएटी आणि माणसाची चित्रं या तिन्हींवरचं तोपर्यंतचं संशोधन एकत्र तपासलं. त्यांचा निष्कर्ष असा की थोड्याच मापनांना खरा आधार आहे, आणि चित्रांतल्या सुट्या खुणांची बाजू तर फारच लंगडी आहे. ज्याचा हात चित्रकलेत बसलेला नाही तो वाईट चित्र काढतो, एवढीच साधी गोष्ट पुष्कळदा ‘लक्षण’ म्हणून नोंदली जाते. शिवाय बक यांनी स्वतः चित्र काढून झाल्यावर त्यावर प्रश्न विचारायला सांगितलंय. हे घर कुणाचं, यात कोण राहतं, हे झाड जिवंत आहे का. पहिल्या केंद्रात एकही प्रश्न विचारला नाही. ‘हे गोल काय रे’ एवढं विचारलं असतं तरी भावाच्या आठ-दहा रात्री वाचल्या असत्या.

डागांचंही तसंच. रोर्शाकची कार्डं हातात देतात, फिरवून पाहू देतात, सगळी दहा दाखवतात, नंतर प्रत्येक उत्तरावर ‘हे कुठे दिसलं, कशामुळे तसं वाटलं’ असं पुन्हा विचारतात. टॅबवर चार-पाच डाग भरभर सरकवणं याला ती चाचणी म्हणताच येणार नाही. भाच्यानं एका डागात वटवाघूळ पाहिलं, त्याचा अर्थ लिहिला होता ‘अंधाराची भीती’. वटवाघूळ हे त्या संचातल्या एक-दोन कार्डांवरचं जगभरातलं सर्वांत नेहमीचं उत्तर आहे. ज्याला तिथे वटवाघूळ दिसतं तो चारचौघांसारखं पाहतो, एवढाच त्याचा अर्थ.

मी भावाला म्हटलं, आता मी येते बरोबर.

जळगावचं केंद्र मला माझ्या जुन्या सहकारी बाईंनी सुचवलं. जाण्याआधी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. तपासणी कोण करणार आणि त्यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून नोंदणी आहे का. नोंदणी क्रमांक लगेच मिळाला, तो मी तपासला. वाचणाऱ्यांना कळकळीनं सांगते, हे विचारायला लाजू नका. ‘समुपदेशक’ एवढी पाटी पाहून विश्वास ठेवू नका. मी स्वतः मानसशास्त्र शिकवते, पण मला ही चाचणी करायचा अधिकार नाही आणि नसावाच.

एकूण चार बैठका झाल्या, जानेवारी ते मार्च. प्रत्येकीचे नऊशे आणि अहवालाचे बाराशे, म्हणजे सगळे मिळून चार हजार आठशे. एसटीनं तापीचा पूल ओलांडून जायचं, दुपारपर्यंत परत. पहिल्या बैठकीत मुलाला काहीच करायला दिलं नाही. भाऊ-भावजयीशी तास-दीड तास बोलणं, जन्मापासूनचा इतिहास, शाळा कधी बदलली, घरात कोण कोण. शाळेकडे वर्गशिक्षकांसाठी एक प्रश्नावली पाठवली. दुसऱ्या बैठकीत बुद्धिमापन, मलिन यांनी भारतीय मुलांसाठी बेतलेली चाचणी. ऐकू येण्याची आणि डोळ्यांची तपासणी झालीय का तेही विचारलं. चित्रं आणि गोष्टी आल्या त्या तिसऱ्या बैठकीत, आणि तोपर्यंत तपासणी करणाऱ्या मॅडमना मुलगा पुष्कळ कळला होता.

त्या दिवशीचं थोडं सविस्तर सांगते, कारण ही सेवा मला का पटली ते तिथे आहे. मुलाला विचारून मला कोपऱ्यात बसू दिलं होतं. मॅडम अमळनेरकडच्या. पहिल्या कार्डावर भाचा नुसता बघत राहिला. मराठीत दोन शब्द बोलला आणि थांबला. कागदावर त्याची नोंद ‘त्रोटक प्रतिसाद’ अशी झाली असती आणि पुढे कुणीतरी त्याचा अर्थ ‘मन मोकळं करत नाही’ असा लावला असता. मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “घर जशी बोलस तशी बोल ना भो.” पोरानं मान वर केली. त्या खोलीत अहिराणी चालते हे त्याला माहीतच नव्हतं.

ते कार्ड टीएटीचं पहिलं, टेबलावर ठेवलेल्या व्हायोलिनकडे पाहत बसलेला मुलगा. भाच्याला व्हायोलिन माहीत नाही. आमच्या लग्नात सनई आणि बँड. तो म्हणाला, “हाऊ पोर्‍या रडी नही राहिना, इचार करी राहिना.” कसला विचार? मग गोष्ट आली. त्याला कुणीतरी एक महागाची वस्तू आणून दिलीय. ती कशी वाजवायची ते सांगितलंच नाही. आणून देणारे निघून गेले. आता आली नाही तर सगळे हसतील, आणि परत केली तर बापाचे पैसे वाया जातील. एवढं बोलून तो पुन्हा चित्राकडे पाहत राहिला.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं झालं, सापडलं, ही तर त्या शाळेचीच गोष्ट. पण मॅडमनी काही लिहिलं, पुढचं कार्ड दिलं. नंतर बाहेर मी विचारल्यावर त्या म्हणाल्या ते मी शब्दशः लक्षात ठेवलंय. “हा पुरावा नाही, हे सुतळीचं टोक आहे. हे धरून मी त्याला सरळ विचारणार. त्यानं सांगितलं तर लिहीन, गोष्टीवरून लिहिणार नाही.” आणि चौथ्या बैठकीत त्यांनी सरळ विचारलं. तेव्हा कळलं, वर्गात काहीच समजत नव्हतं, आणि ‘शे’, ‘नही’, ‘माले’ म्हटलं की वसतिगृहातली मुलं नक्कल करून हसायची. म्हणून बोलणंच बंद केलं. बापाला सांगायचं नव्हतं, कारण बापानं सोसायटीचं कर्ज काढून फी भरली होती हे त्याला माहीत होतं.

बापाची भीती नव्हतीच, बापाची काळजी होती. पहिल्या अहवालानं ते नेमकं उलटं वाचलं.

टीएटीबद्दल एक सांगायला हवं. या चाचणीवर टीका पुष्कळ झाली, पण गोष्टींचे गुण ठरलेल्या नियमांनी आणि सराव केलेल्या माणसांकडून काढले तर त्यातून काम होतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी सिद्धीची प्रेरणा, म्हणजे काही करून दाखवण्याची ओढ, याच प्रकारच्या गोष्टींवरून मोजली, आणि साठच्या दशकात आंध्रातल्या काकीनाड्याच्या व्यापाऱ्यांना त्यावर आधारलेलं प्रशिक्षण दिलं. गोंधळ होतो तो नियमांशिवाय, स्वतःच्या अंदाजानं अर्थ लावला जातो तेव्हा. भारतीय माणसं आणि भारतीय घरं असलेली टीएटीची आवृत्ती उमा चौधरी यांनी १९६० मध्येच केली. ती त्या केंद्रात नव्हती, ही मात्र मी उणीव मानते. व्हायोलिनवर निभावलं ते मॅडमना अहिराणी येत होती म्हणून.

रोर्शाक करणार का, असं मी मुद्दाम विचारलं. त्यांनी नाही म्हटलं आणि कारणही दिलं. जोनी मिहुरा आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये रोर्शाकच्या ६५ मापनांवरचं संशोधन एकत्र करून पाहिलं. विचारांतला विस्कळीतपणा, वास्तव चुकीचं पाहणं, अशा विचार आणि आकलनाशी संबंधित मापनांना चांगला आधार मिळाला. बाकी बऱ्याच मापनांना थोडा किंवा काहीच नाही. ज्या टीकाकारांनी आधी या चाचणीचा वापरच थांबवा असं म्हटलं होतं, त्यांनीही २०१५ मध्ये त्या पहिल्या गटापुरती आपली हरकत मागे घेतली. “मनोविकृतीची शंका असेल तर मी ती करते,” मॅडम म्हणाल्या, “तुमच्या मुलात तसं काही नाही. मग उगाच दोन तास आणि तुमचे पैसे का घालवू?” प्रमाणकांचाही, म्हणजे सर्वसाधारण माणसांची उत्तरं कशी असतात त्या तुलनेच्या आकड्यांचाही, प्रश्न आहेच. कॅलिफोर्नियातल्या १०० धडधाकट शाळकरी मुलांची उत्तरं २००० सालच्या एका अभ्यासात रोर्शाकचे गुण काढायची पद्धत बसवणाऱ्या एक्सनर यांच्या त्या वेळच्या प्रमाणकांशी ताडून पाहिली, तर ती चांगली मुलं कागदावर गंभीर बिघाड असलेली दिसली. अमेरिकेतल्या मुलांचं हे, तर केळीच्या बागेतल्या पोराचं काय व्हायचं? नंतर २०११ मध्ये आर-पास ही रोर्शाकचे गुण काढायची नवी पद्धत आली ती असल्या चुका सुधारायलाच.

करता येणारी चाचणी करायची नाही असं सांगणारा माणूस मला या व्यवसायात फार मोलाचा वाटतो.

आता तक्रारी. केंद्र तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. आई हट्टानं बरोबर आली होती, तिला जिन्यात दोनदा बसावं लागलं. वेळ अकराची दिली आणि आत घेतलं दीड वाजता, तेही एकदा नाही, दोनदा. बसायच्या खोलीत एक पंखा. मार्चमध्येच जीव नको झाला, मे महिन्यात लोक काय करत असतील. लहान मुलाला अडीच तास ताटकळत ठेवून मग चाचणीला बसवायचं हे चाचणीच्याच दृष्टीनं चूक आहे. दमलेलं, भुकेलं पोरगं कमी बोलतं, आणि ते कमी बोलणं अहवालात जातं. हे मी मॅडमना स्पष्ट सांगितलं. त्यांनी मान्य केलं आणि शेवटची बैठक सकाळी पहिली दिली.

दुसरी तक्रार वाक्यपूर्तीच्या कागदाची. ज्युलियन रॉटर यांची १९५० ची चाळीस अर्धवट वाक्यं असतात, त्यांच्या धर्तीवर केलेला मराठी कागद होता. ‘मला खंत वाटते ती…’ असं पुस्तकी मराठी. पोराला ‘खंत’च कळेना. मॅडमनी सगळी वाक्यं तोंडी अहिराणीत सांगितली आणि म्हणून त्या भागाचे गुण अहवालात घातलेच नाहीत, तसं कारणासह नोंदवलं. प्रामाणिकपणा म्हणून मला ते आवडलं. तरी खान्देशात बसून काम करायचं तर असा कागद साध्या बोलीत तयार हवा. विद्यापीठ जळगावातच आहे, मानसशास्त्र घेऊन एमए करणारी आमची मुलं-मुली आहेत, त्यांच्यापैकी कुणीतरी अहिराणी आणि लेवा बोलीत हे काम अंगावर घ्यावं अशी माझी फार इच्छा आहे. माझ्या विद्यार्थिनींना मी सांगायला सुरुवात केलीय.

तिसरी, अहवाल आधी इंग्रजीत आला. भावाला काय कळणार? मराठी प्रत मागितली, ती अकरा दिवसांनी मिळाली. पण मिळाली तेव्हा ती नीट होती. ‘काय पाहिलं’ वेगळं, ‘त्यावरून काय वाटतं’ वेगळं, आणि प्रत्येक निष्कर्षाला दोन-तीन आधार: शिक्षकांची प्रश्नावली, बुद्धिमापन, घरच्यांचं बोलणं, मुलाचं स्वतःचं सांगणं. चित्रांवर फक्त दोन ओळी होत्या. त्यातली एक, ‘मुलाने आपल्या घरातील व शेतातील ओळखीच्या गोष्टी बारकाईने रेखाटल्या आहेत.’ भावानं ती ओळ दोनदा वाचायला लावली.

पहिला अहवाल इतका पटला कसा, असं मी नंतर भावाला विचारलं. तो म्हणाला, “त्यात बरंच खरंही होतं ना ताई.” खरंच होतं. ‘मुलगा वरून शांत दिसतो पण आतून अस्वस्थ आहे’, ‘त्याला मान्यतेची गरज आहे’. कुणाचं मूल असं नसतं? बर्ट्रम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि प्रत्येकाला ‘तुझं वर्णन’ म्हणून एकच मजकूर दिला, बराचसा रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून घेतलेला. मुलांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. हा प्रयोग मी बारावीच्या वर्गात करून दाखवते. एका वर्षी एक मुलगी चिठ्ठी वाचून रडायला लागली, म्हणाली, मॅडम, तुम्हाला कसं कळलं? तिला शेजारणीची चिठ्ठी वाचायला देईपर्यंत पटेना. जे सगळ्यांना लागू पडतं त्यावर विश्वास बसतो, आणि त्या विश्वासाच्या जोरावर मधली एक विषारी ओळही खरी वाटते.

आमच्याकडची सैन्यात अधिकारी व्हायला निघणारी मुलं भुसावळहून गाडी पकडून भोपाळला एसएसबीला, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या मंडळाकडे, जातात, त्यांनाही या चाचण्या असतात. चित्र तीस सेकंद, गोष्ट लिहायला चार मिनिटं. साठ शब्द, एकेकाला पंधरा सेकंद. क्लासवाले त्यांना तयार गोष्टी पाठ करायला लावतात, त्यावर पैसे घालवू नका. पण तिथे मानसशास्त्रज्ञाचं मत एकटं धरत नाहीत, मैदानावरची गटकामं पाहणारा अधिकारी वेगळा आणि मुलाखत घेणारा वेगळा. तेच तत्त्व जळगावात दिसलं, म्हणून मला तिथे भरवसा वाटला. तुमच्या मुलासाठी कुणी फक्त चित्रावरून किंवा फक्त डागांवरून निदान लिहून देत असेल, तर तो कागद घेऊन घरी येऊ नका. आणखी काय तपासलं, कोणत्या भाषेत विचारलं, हे कुणाच्या प्रमाणकांशी ताडलं, असं तिथल्या तिथेच विचारा. आणि मुलाची मूळ चित्रं पाहायला मागा, कारण ती वाचायची भाषा तुम्हाला तज्ज्ञापेक्षा जास्त येत असू शकते.

भाचा आता तालुक्याच्या मराठी शाळेत जातो, इंग्रजीची शिकवणी वेगळी लावलीय. सगळं सुरळीत झालंय असं म्हणत नाही, अजून नवीन माणसासमोर तो पटकन बोलत नाही. पण आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, मी माहेरी गेले तर झोका बांधायला तोच झाडावर चढला होता. रात्री धाब्यावर अंथरुणं घातल्यावर त्यानं विचारलं, फुई, त्या चित्रातल्या पोर्‍याजवळ काय होतं गं? मी नाव सांगितलं आणि मोबाइलवर व्हायोलिन लावून दिलं. पूर्ण ऐकलं त्यानं. “सनईगत नही वाजत,” म्हणाला, आणि पुन्हा लावायला सांगितलं.

पुढची बैठक जूनच्या दुसऱ्या आठवड्यात आहे. सकाळी साडेनऊची वेळ लिहून घेतलीय.